बाटलीतलं विरजण

जाधवकाका, आपल्या वादात तुम्ही निम्मेच बरोबर होतात, हे मी आजही सोडणार नाही. माणूस गेला की त्याचं सगळं कबूल करून टाकायचं, ते मला जमत नाही आणि तुम्हालाही ते आवडलं नसतं. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत, पेशी उबेत ठेवायच्या त्या इन्क्युबेटरचं दार उघडून, मी निदान चार वेळा तुमच्याशी भांडले असेन. परवा नव्या मुलीनं विचारलंसुद्धा, "मॅडम, कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, पेशींशी. तिला ते खरं वाटलं, कारण तुमच्यामुळे या प्रयोगशाळेत पेशींशी बोलण्याची पद्धतच पडली आहे.

तुमचं गाव, तुमची नोकरी, किती वर्षं झाली, हे सगळं शोकसभेत वाचून झालं. ते मी परत लिहीत नाही. पण त्याच सभेत साहेब म्हणाले, "शेवटी शेवटी थोडा निष्काळजीपणा झाला त्यांच्या हातून, पण माणूस एकदम सोन्यासारखा." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मान खाली घालून चहा प्यायले. काका, तो निष्काळजीपणा तुमचा नव्हता. चूक माझी होती, आणि त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं. तुम्ही असताना ते सांगायला मला दोन-अडीच वर्षं मिळाली होती. नाही सांगितलं. ते डाचतंय म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी रबाळ्याच्या या कंपनीत आले तेव्हा पीएच.डी. ताजी होती आणि नाक जरा वरच होतं. औषधं बनवणारी कंपनी, तिच्या मागच्या बाजूला चार खोल्यांची प्रयोगशाळा. तिथे माणसाच्या आणि उंदराच्या पेशी बाटल्यांमध्ये वाढवायच्या आणि नवं औषध त्यांच्यावर घालून बघायचं. मी आत पाऊल टाकलं तर दारात तुम्ही. "मॅडम, चपला भाईर." मी चपला काढल्या. "हात?" मी हात धुतले. तुम्ही बघत होतात. "आणिक एकदा." माझ्या आईनंतर मला दोनदा हात धुवायला लावणारे तुम्हीच.

तुमचे भाऊ वाशीच्या मार्केटात माथाडी. तुमचे हातही तसेच, गोणी उचलायला घडवल्यासारखे. त्या हातांत काचेची बारीक नळी इतकी हलकी धरलेली मी कुणाकडेच पाहिली नाही. पेशींना तुम्ही 'मंडळी' म्हणायचात. सकाळी आल्याबरोबर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि मग सगळ्यांना बातमी द्यायची: "मंडळी खुशीत हायत आज, हातपाय पसरल्यात." किंवा, "आज मंडळी रुसल्यात, गोळा होऊन बसल्यात." बारावी झालेला माणूस नुसत्या नजरेनं जे सांगायचा, ते मोजायला मला दोन दिवस लागायचे. आकडा यायचा तोच. याचा मला आनंद व्हायला हवा होता, तर मला राग यायचा.

आणि मग ते विरजण. एका बाटलीत पेशी दाटल्या की त्या सोडवून नव्या बाटल्यांत लावायच्या, नवं द्रव घालायचं, जुनं फेकायचं. शिकलो ते असंच. एकदा मी मागून आले, तर तुम्ही जुन्या बाटलीतलं द्रव गाळणीतून काढून नव्या बाटलीत घालत होतात.

"हे काय चाललंय काका?"

"विरजण, मॅडम."

"कसलं विरजण?"

"नव्या घरात जरा जुनं पाणी असलं की मंडळी लवकर जीव धरत्यात. विरळ लावल्यावर तर लागतंच."

"अहो, ते वापरलेलं पाणी आहे! त्यात त्यांनी टाकलेली घाण आहे सगळी. असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकात न्हाई मॅडम. बघून बघून."

"आजपासून बंद."

"व्हय, मॅडम."

तुम्ही एकदा 'व्हय' म्हटलंत की ते व्हायचंच. या एका बाबतीत तुम्ही मला फसवलं असतंत, माझ्या मागे गुपचूप घालत राहिला असतात, तर किती बरं झालं असतं, असं मला फार वेळा वाटलं आहे.

पुढच्याच महिन्यात ते मोठं काम आलं. नव्या औषधानं पेशी मरतात का, आणि किती डोसला. मला स्वच्छ आकडे हवे होते, म्हणून मी पेशी अगदी विरळ लावायला सांगितल्या आणि पेशींच्या पोषणासाठी द्रवात घालतात ते सीरमही कमी केलं. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्या नुसत्या. नुसत्या बाटल्यांतल्या पेशी जगायलाच हव्या होत्या, कारण त्यांच्याशी तुलना करायची होती. तिसऱ्या दिवशी त्या मेल्या. परत सगळं लावलं. परत मेल्या. साहेब रोज दारात उभे: "मॅडम, वरून फोन येतायत, काय ते क्लिअर करा." आणि मी क्लिअर केलं. इन्क्युबेटर नीट पुसला नसेल, पाण्याचा ट्रे बदलला नसेल, जंतू गेले असतील, असं मी म्हटलं. इन्क्युबेटरची देखभाल तुमच्याकडे होती.

तुम्ही रागावला नाहीत. सूक्ष्मदर्शकासमोर बराच वेळ बसलात आणि म्हणालात, "मॅडम, हे जंतूंचं काम न्हाई. जंतू शिरलं की पेशी फुटत्यात, सगळा चिखल हुतो. ह्या तशा गेल्या न्हाईत. बारीक झाल्यात, आपापली गाठोडी बांधल्यात आणि गेल्यात. आवरून गेल्यात. बघा तरी." मी बघितलं नाही. माझं उत्तर तयार होतं, मला बघायचं नव्हतं.

साहेबांनी तुम्हाला काढलेला मेमो इंग्रजीत होता. तुम्ही चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी पाहिलात, मागची बाजू कोरी होती तरी. "काय लिवलंय?" मी म्हटलं, "कामात निष्काळजीपणा." "बरं," म्हणालात आणि सही केलीत. अठ्ठावन्नला निवृत्ती आणि मग दोन वर्षांची मुदतवाढ, ही आपल्याकडे ठरलेलीच गोष्ट होती. तुमच्या फाइलीत मेमो होता म्हणून तुम्हाला ती मिळाली नाही. निरोपाच्या दिवशी तुम्ही मला पेढा दिलात आणि म्हणालात, "मंडळींवर लक्ष ठेवा."

तुम्ही निवृत्त झाल्यावर सहा-सात महिन्यांनी माझ्या एका मैत्रिणीनं परदेशातून टपालानं काही लेखांच्या झेरॉक्स पाठवल्या. वाशीच्या घरी, गॅलरीत बसून मी त्या वाचल्या आणि उठून आत गेले ते थेट तोंड धुवायला. त्यात काय होतं ते तुम्हाला मी कधीच धड सांगितलं नाही, ते आता सांगते. तुम्ही मध्ये मध्ये 'व्हय' म्हणा.

पेशी एकटी जगत नाही. ती आपल्यातून काही प्रथिनं बाहेर सोडते. ती प्रथिनं शेजारच्या पेशीच्या अंगावर जाऊन बसतात, तिथे त्यांना धरायला ठरलेली जागा असते. तिथून आत निरोप जातो, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, पार पेशीच्या केंद्रकापर्यंत. कधी निरोप असतो वाढ, कधी दोन हो, कधी थांब. पण एक निरोप सतत लागतो: जग. कारण मरायचं सामान प्रत्येक पेशीत जन्मापासून भरलेलं असतं, कात्र्या असाव्यात तशी प्रथिनं, आणि दुसरी काही प्रथिनं त्यांना दाबून धरून बसलेली. शेजाऱ्यांचा निरोप येत असेल तोवर ती धरून बसतात. निरोप थांबला की पकड सुटते, कात्र्या चालू होतात. पेशी फुटत नाही. ती आक्रसते, आतलं सगळं कापून लहान लहान पुड्या बांधते, आणि शेजारी असतील तर त्या पुड्या संपवून टाकतात. कुठे डाग नाही, सूज नाही.

म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. आवरून गेल्यात.

दुसऱ्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि तीन बाटल्यांत पेशी विरळ लावल्या. एकीत नुसतं नवं द्रव. दुसरीत तुमचं विरजण, गाळून. तिसरीत तेच विरजण, पण उकळून, म्हणजे त्यातली प्रथिनं बिघडावीत. पहिलीतल्या मेल्या. तिसरीतल्या मेल्या. मधल्या बाटलीतल्या हातपाय पसरून बसल्या होत्या. जुन्या पाण्यात घाण होती हे माझं म्हणणं खोटं नव्हतं, पण त्याच पाण्यात निरोपही होते आणि ते मी मोरीत ओतायला लावले होते. वर पेशी इतक्या लांब लांब लावायला सांगितल्या की एकीचं दुसरीला पोचेना. सीरम कमी करून बाहेरून येणारा आधारही तोडला. इतक्या व्यवस्थितपणे पेशी मारायला शिकलेलंच माणूस लागतं.

त्याच दिवशी मी बस पकडून तुमच्याकडे यायला हवं होतं. त्याऐवजी मी अहवाल लिहिला. विरळ लावलेल्या पेशींना वापरलेलं द्रव गाळून घातल्यास त्या तगतात, असं त्यात आहे. साहेब खूश झाले. खाली नाव आहे ते माझं एकटीचं. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

मग तुमच्या पोटात गाठ निघाली. मी कोपरखैरण्याला तुमच्या घरी येऊ लागले ते तेव्हापासून. दर वेळी ठरवून यायचे की आज सांगायचं, आणि दर वेळी तुम्ही मला वादात ओढायचात. मला वाटायचं, आजारी माणसाला विषय हवा. आता वाटतं, विषय मलाच हवा होता.

"मॅडम, माझ्या पेशींनी हे काय काढलंय?"

मी सांगितलं. प्रत्येक पेशीत एक पहारेकरी प्रथिन असतं. आत काही मोडतोड झाली की ते पेशीला म्हणतं, थांब, आधी दुरुस्ती कर. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर म्हणतं, मर. गाठीतल्या पेशींमध्ये बऱ्याचदा तेच बिघडलेलं असतं.

"म्हंजे मरा म्हनायला कुणी ऱ्हायलंच न्हाई."

"हो."

"मला न्हाई पटत." काकूंनी पाठीशी ठेवलेली उशी सरकवून तुम्ही ताठ बसलात. "मरायला कुणी सांगत नसतं, मॅडम. जगायला सांगायचं बंद झालं की आपोआप मरतं. ह्यास्नी जगा जगा म्हननारं कुणीतरी आत बसलंय, ते बघा तुम्ही."

काका, तेही खरं असतं. काही गाठींमध्ये 'वाढ' हा निरोप शेजाऱ्यानं न पाठवताच आत वाजत राहतो. हे कुणी तुम्हाला सांगितलं होतं? मी तर नाही. पण मी हरणार नव्हते. मी म्हटलं, "तुमचा पंजा दाखवा. आईच्या पोटात हा पंजा असा नव्हता. बोटं जोडलेली होती, वल्ह्यासारखी. बोटांच्या मधल्या पेशींना शेजाऱ्यांनी चक्क निरोप पाठवला, मरा. त्या मेल्या म्हणून बोटं सुटी झाली. मग? सांगतं की नाही कुणी?"

तुम्ही बोटं फाकवून बघितलीत. सुयांनी हिरवानिळा झालेला हात. मग म्हणालात, "मग मी निम्मा बरोबर?"

"निम्मे."

"निम्मा लई झाला," म्हणालात आणि हसलात. काकू आतून ओरडल्या, "हसवू नका बाई त्यास्नी, पोटात दुखतंय."

त्या वादानं तुम्ही किती खूश व्हायचात! मी पुस्तकं घेऊन यायची, चित्रं दाखवायची. तुम्ही प्रथिनांना नावं ठेवायचात. कात्र्यांना 'कसाई', त्यांना दाबून धरणाऱ्यांना 'मुकादम'. मुकादम जागचा हलला की कसायांचं फावतं, असं तुम्ही मला समजावून सांगायचात, जसं काही मीच शिकायला आले होते. मीच शिकायला आले होते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तुमच्या त्या खाटेपाशी बसून मी जेवढी पेशी समजून घेतली तेवढी पीएच.डी.त घेतली नव्हती, आणि त्याबद्दलही मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आपण कुणाकडून घेतलं हे त्याला सांगायला माझी जीभ इतकी जड का होते, कोण जाणे.

शेवटच्या भेटीत तुम्ही फार बोलत नव्हतात. आवाज खोल गेला होता. मी निघायला उठले तेव्हा तुम्ही बोटानं थांबवलंत.

"मॅडम, त्या बाटल्या कशानं गेल्या, कळलं का वो?"

काका, तुम्हाला आठवत होतं. तीन वर्षं तुमच्या मनात होतं आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि विचारलंत तेव्हाही आरोप म्हणून विचारलं नाहीत. पेशींचं काय झालं ते तुम्हाला हवं होतं. समोर मी उभी, हातात पर्स, आणि उत्तर माझ्या कपाटात टाइप करून ठेवलेलं.

मी म्हटलं, "नाही अजून."

"बघा कवातरी सवडीनं," म्हणालात.

का खोटं बोलले? घाबरले. तुम्ही रागावला असतात तर सोसलं असतं. पण तुम्ही 'असू दे' म्हणाला असतात, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. पुढच्या वेळी सांगू, असं म्हणून मी जिना उतरले. चार दिवसांनी फोन आला.

शोकसभेनंतर दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर लेखी ठेवलं: बाटल्या माझ्या पद्धतीमुळे मेल्या, मेमो चुकीचा होता, आणि अहवालातली युक्ती जाधवांची आहे, त्यावर त्यांचं नाव घालावं. साहेबांनी वाचलं. "मॅडम, आता कशाला टेन्शन घेताय? माणूस गेला, फाइल क्लोज झाली." मी म्हटलं, फाइल उघडा. उघडतील की नाही माहीत नाही, मी रोज विचारणार आहे.

आणि काल तुमच्या घरी गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं, विरजणापासून 'नाही अजून'पर्यंत.

"म्हंजे त्यांची चूक न्हवती?"

"नव्हती."

"काईच न्हवती?"

"काहीच नव्हती, काकू. माझी होती."

मला वाटलं, त्या रडतील, नाहीतर मला जा म्हणतील. त्यांनी आत हाक मारली, "संतोष, हिकडं ये." तुमचा मुलगा बाहेर आला. "बस. बाई काय सांगत्यात ते ऐक. बापाला लई बोलला हुतास न्हवं, की ध्यान देऊन काम केलं असतं तर दोन वर्सं मिळाली असती म्हनून? ऐक आता. सांगा बाई, परत सांगा."

मी परत सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आधीच संतोषनं तोंड भिंतीकडे केलं.

मग काकूंनी शेजारणीला हाक मारली. तिलाही सांगितलं. मार्केटातून तुमचे भाऊ आले, बरोबर त्यांच्या टोळीतले दोघे. ते टेकतायत तोच काकू म्हणाल्या, "भावजी, आधी हे ऐका. सांगा बाई." त्यांना पेशी म्हणजे काय तेही सांगावं लागलं. तुमची मेहुणी आली, खालच्या मजल्यावरचे मास्तर आले. दर वेळी काकू माझ्याकडे बोट करायच्या, आणि मी पहिल्यापासून सुरू करायची. कुणी मला पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दिवे लागेपर्यंत मी नऊ जणांना सांगितलं असेल. घसा बसला. पण दर खेपेला काकू थोड्या जास्त ताठ बसत होत्या, हे मी पाहिलं.

निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला उठवलं नाही, हातही लावला नाही.

"समद्यास्नी सांगितलं बाई," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी तेवढं ऱ्हायलं."